जुन्या फोटोवरून नवीन

कुंदाकाकूंचं नाव मी सगळ्यात आधी लिहितो. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. काय झालं ते नंतर सांगतो, कारण ते बहुतेक घाणच आहे, आणि इतक्या घाणीच्या शेवटी त्यांचं नाव लिहिलेलं त्यांना स्वतःला चालणार नाही. माझ्या मायचे एकेचाळीस फोटो त्यांनी वाचवले, एवढं आत्ता पुरे. मी नववीत शाळा सोडलेली. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावातून इकडे आलो तेव्हापासून लिहिणं म्हणजे सही, एवढंच राहिलं होतं. त्यामुळे पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

काकूंची ओळख म्हणजे 'शी'. हा एक शब्द त्यांच्या तोंडून चार-पाच तऱ्हांनी यायचा. दुकानासमोर कुणी थुंकलं की लांबलचक 'शीऽऽ', आणि पाठोपाठ बादलीभर पाणी. थुंकणारा तिथेच रेंगाळला असेल तर त्याच्या चपलांवरून. गिऱ्हाइकाने जुना फोटो मधोमध अंगठा ठेवून धरला की तुटक 'शी! कडेला धर, कडेला. माणूस आहे तो.' लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरीला ढगांवर बसवलेलं दिसलं की आवाजही नाही, नुसते ओठ. वय सत्तरीच्या पुढचं, अंगाने काटकुळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खांद्यावर कायम एक पिवळं मऊ फडकं. दुकानात शिरणाऱ्याच्या हातात आधी ते फडकं यायचं. 'हात पूस, मग बोल.'

मी पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत होतो. पाठीवर पंप, तोंडाला फडका, हातात कंपनीचा फोन. लोकांच्या सिंकखाली, मोरीत, फ्रिजच्या मागे डोकं घालायचं, झुरळांचं बिऱ्हाड शोधायचं, औषधाआधी एक फोटो, औषधानंतर एक. काकूंच्या बिल्डिंगचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा तळमजल्याचे गाळे करत मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"कोण रे तू?"

"पेस्ट कंट्रोल, काकू. झुरळांचं औषध. सोसायटीनं सांगितलंय."

"माझ्याकडे झुरळ नाही."

"सगळ्या गाळ्यांत मारायचंय—"

"नाही म्हटलं ना! माझ्या वडिलांच्या काळापासून या दुकानात झुरळ शिरलेलं नाही. आणि तुझ्या अंगाला तो वास! शी! हो उंबऱ्याच्या बाहेर. ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे जा."

मी बाहेर झालो. माझा स्वभाव भित्रा. कुणी आवाज चढवला की मी आधी 'हो' म्हणतो आणि नंतर कशाला 'हो' म्हटलं ते बघतो. नियमाप्रमाणे दाराचा फोटो काढला, फोनवर 'ग्राहकाचा नकार' दाबलं आणि जाता जाता वरची पाटी वाचली. पासपोर्ट. लग्न. आणि खाली हाताने रंगवलेलं: 'जुन्या फोटोवरून नवीन करून मिळेल.'

आता त्या फोनचं सांगतो. माझा स्वतःचा फोन औषधाच्या बादलीत पडून गेला होता, म्हणून कंपनीचा होता तोच माझा एकुलता एक फोन. त्यात कॅमेरा एकच, कंपनीचा. काढलेल्या प्रत्येक फोटोखाली आपोआप एक पट्टी उमटायची: तारीख, वेळ, ठिकाण, माझा कर्मचारी नंबर. आणि फोटो जायचा कंपनीच्या कुलूपबंद डब्यात. डबा म्हणजे फोनमधलीच जागा. कामाला जोडलेले फोटो वर ऑफिसात जायचे, न जोडलेले डब्यात पडून राहायचे. तिथून कुणाला पाठवता येत नसे, केबल लावून उतरवता येत नसे, स्क्रीनशॉट घेतला तर काळा यायचा. हे मला माहीत होतं. पण डबा आहे, कुलूप आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं मला वाटायचं. आमच्याकडे कुलूप लावतात ते आपली वस्तू आपल्यालाच मिळावी म्हणून.

मायच्या पायाला साखरेची जखम झाली तेव्हा मी बारा दिवस गावी गेलो. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, रोज पट्टी सोडली की फोटो काढून ठेव, वाढते की भरते ते कळेल. निघण्यापूर्वी मी सुपरवायझरला विचारलेलं. निलेश सर त्यांचं नाव. ते म्हणाले, "घे ना काढून. फोन काय तिकडे नेऊन खाणार आहेस का?" म्हणून काढले. नऊ फोटो पायाचे. माय दर वेळी म्हणायची, "काहून काढतं रे माह्या पायाचा फोटू? तोंडाचा काढ ना." म्हणून मग तोंडाचेही काढले. चुलीपाशी, दारात, शेळीला पाला टाकताना. एका फोटोत तिचा हात वर गेलेला आहे, कारण ती म्हणत होती, "थांब, पदर घेऊ दे," आणि मी थांबलो नव्हतो.

दोन महिन्यांनी माय गेली. मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. दादाचा फोन बटनांचा, त्यात फोटो येत नाहीत. तेराव्याला भिंतीवर लावायला त्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला होता. त्यात माय नाहीच. मशीनला घाबरलेली कुणीतरी बाई आहे.

मी परत आलो आणि तिसऱ्या आठवड्यात निरोप आला: जुने फोन बदलणार. शनिवारी चारच्या आत ठाण्याच्या ऑफिसात जमा करा, सगळे फोन साफ केले जातील.

मी निलेश सरांना फोन केला. सर, माझ्या मायचे फोटो आहेत, तेवढे काढून द्या. ते आधी हसले. मग म्हणाले, "कंपनीच्या फोनवर घरचे फोटो काढायचे नसतात, हे तुला माहीत नाही?"

"तुम्हीच म्हणालेलात, सर."

"मी? मी कशाला म्हणेन? लेखी आहे का तुझ्याकडे? गजा, मेमो हवाय का तुला?"

मी म्हटलं, नको सर. वर 'सॉरी' पण म्हटलं. ते 'सॉरी' आठवलं की आजही तोंडात कडू पाणी येतं.

शुक्रवारी काम संपवून स्टेशनजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे फिरलो. एकाने फोनमधलं मेमरी कार्ड काढून त्याच्या कॉम्प्युटरला लावलं. डब्यातल्या सगळ्या फायली दिसल्या, नुसते आकडे आणि अक्षरं. एकही उघडेना. "एन्क्रिप्टेड आहे भाऊ," तो म्हणाला. "कार्डवर माल आहे, चावी फोनच्या पोटात आहे. ते लोक फोन साफ करणार म्हणजे चावी जाणार. मग हे कार्ड कानातला मळ काढायला वापर." दुसऱ्याने फोन हातात घेतला आणि मला न विचारता डबा वर-खाली सरकवायला लागला. झुरळ, झुरळ, मेलेला उंदीर, माय, सिंक, झुरळ, पाय. तिथे थांबला. बाजूच्या पोराला दाखवून म्हणाला, "आईशप्पथ, हे बघ, काय सडलंय!" मी फोन हिसकावून घेतला. आयुष्यात मी हिसकावलेली ती पहिली वस्तू. हिसकावल्यावर परत 'सॉरी' म्हटलं.

शनिवारी सकाळी दहाला कुंदाकाकूंच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. अंघोळ दोनदा केली होती. आतून फडकं आलं. मी हात पुसले.

"झुरळवाला ना तू? एकदा सांगितलं ना, माझ्याकडे—"

"काकू, जुन्या फोटोवरून नवीन करता ना?"

"करते. कुठाय फोटो?"

मी फोन पुढे केला. त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. मी अडखळत सगळं सांगितलं. कुलूप, डबा, चावी, चार वाजता. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"डोळ्यांना दिसतोय ना फोटो?"

"दिसतो. पण बाहेर निघत नाही."

"दिसतोय तर मग झालं. आमच्या धंद्यात फोटो बाहेर कधी काढलाय? रेशनकार्डाला चिकटलेला, काचेला डकलेला, देवघराच्या फळीत ठोकलेला. उपटायला गेलं की फाटतो. जागच्या जागी ठेवायचा आणि त्याचा फोटो काढायचा. आत ये. चप्पल बाहेर."

त्या कामासाठी त्यांच्याकडे एक लाकडी घोडा होता, त्यांच्या वडिलांनी सुताराकडून करून घेतलेला. खाली सपाट पाट, मधोमध उभा खांब, खांबावर खाली बघणारा कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. डोंबिवलीतली कितीतरी माणसं मेल्यावर त्या पाटावरून गेली होती. घरात फोटो नसतो, कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीत मागे उभा असलेला चेहरा तेवढा सापडतो. काकू तो नखाएवढा चेहरा उचलून भिंतीएवढा करायच्या. पण त्यात फेरफार करायच्या नाहीत. मी नंतर एकदा बसलो असताना कुणी म्हणालं, आजोबांच्या तोंडात दात नाहीत, तेवढे बसवून द्या. काकू म्हणाल्या, "दात बसवायचे तर जिवंतपणी दंतवैद्याकडे न्यायचं होतं. माझ्याकडे होतं तेच निघेल."

त्यांनी शटर अर्धं ओढलं, दिवे मालवले, फोन पाटावर ठेवला. "कागदाला उजेड द्यावा लागतो, याला स्वतःचाच आहे. अवलक्षणी कार्टं." पहिला फोटो घेतला तर मायच्या तोंडावर बारीक जाळी आली, माशाच्या जाळ्यासारखी. फोनच्या पडद्याचे ठिपके, असं त्या म्हणाल्या. काकूंनी कॅमेरा वीतभर वर घेतला, परत बघितलं, अजून वर घेतला, किंचित तिरपा केला, आणि जाळी गेली. मग दुसरी भानगड. कंपनीने फोन असा बांधलेला की अर्ध्या मिनिटात पडदा काळा, परत उघडायला सहा आकडे. म्हणजे मी आकडे दाबायचे, फोटो आणायचा, बोटाचा डाग फडक्याने पुसायचा, हात मागे घ्यायचा, आणि काळा पडायच्या आत काकूंनी टिपायचा.

"मेलेल्या माणसाला घाई नसते रे," त्या कॅमेऱ्यात डोळा घालून म्हणाल्या. "हे पहिलं यंत्र बघतेय ज्याला मेलेल्याचीही घाई आहे. शी."

मायचे फोटो सलग नव्हते. मध्ये मध्ये माझ्या कामाचे. लोकांच्या मोऱ्या, ओट्याखालचं ओलं फडकं, डब्यामागची लेंडकं. ते आले की काकू मान वळवायच्या. "सरकव, सरकव. लोकांच्या मोरीत डोकवायचं नसतं. आणि कंपनीचं एकही झुरळ माझ्या कॅमेऱ्यात येता कामा नये, सांगून ठेवते. तुझं ते तुझं, त्यांचं ते त्यांचं." मायच्या फोटोखालची पट्टी बघून मात्र त्या खरंच भडकल्या. "आईच्या पायाशी नोकराचा नंबर! हे कापणार मी. तारीख राहू दे, तारीख तिची आहे. नंबर ही त्यांची थुंकी आहे."

बाराच्या सुमारास फोन वाजला. पाटावरच, मायच्या तोंडावर निलेश सरांचं नाव आलं. मी फोनला हात लावला नाही. काकूंनीच हिरवं बटन दाबलं.

"गजा, कुठे मेलायस? ऑफिसला कधी पोचतोयस?"

"तो कामात आहे," काकू म्हणाल्या.

"कोण बोलतंय?"

"चारला पोचेल. चारच सांगितलेत ना? आत्ता बारा वाजलेत. ठेवा."

आणि मला म्हणाल्या, "तोंडात पान होतं त्याच्या. फोनमधून वास आला. शी!"

मला हसू आलं. माय गेल्यापासून पहिल्यांदा.

बावीस फोटो झाले आणि खांबाची खिट्टी सैल पडली. कॅमेरा आता वरच्या टोकालाच टिकत होता, म्हणून फोन उंच घ्यायला हवा होता. काकू म्हणाल्या, मागच्या कपाटातून खालचा पत्र्याचा डबा आण, तो पाटावर ठेवू. कपाटात सतरा डबे होते. त्यांनी काढलेल्या प्रत्येक मेलेल्या माणसाची निगेटिव्ह त्यांत, आणि कुठल्या डब्यात कोण, याची एक जाड वही. ज्या वर्षी तळमजल्यांत कमरेएवढं पाणी भरलं, त्या वर्षी कितीतरी जण भिंतीवरच्या भिजलेल्या फोटोची लगद्यासारखी चौकट घेऊन रडत आले होते. काकूंनी डबे पाणी चढायच्या आत जिन्याने वर नेले होते. वही उघडून, डबा काढून, त्यांनी सगळ्यांना परत फोटो करून दिले. "घरचा गेला तरी इथला आहे," असं त्या म्हणायच्या.

मी वाकलो. खालचे दोन डबे बाजूला घेतले आणि फळीवर मला ते दिसलं. कॉफीच्या भुकटीसारखे काळे कण. आणि डब्याच्या कडेला चिकटलेली तपकिरी अंड्याची कोशी, राजम्याच्या दाण्याएवढी. हे ओळखणं हाच माझा धंदा. जुन्या निगेटिव्हवर जो चिकट थर असतो तो झुरळांना जेवण. म्हणजे आत डब्यांत काय चाललं असणार, हे मला डबा न उघडता कळलं.

"काय रे? सापडला नाही का?" काकूंनी विचारलं.

एकोणीस फोटो व्हायचे होते. 'माझ्याकडे झुरळ नाही' म्हणणारी ती बाई. मी तोंड उघडलं असतं तर त्यांनी मला बाहेर काढलं असतं, किंवा काम टाकून तिथेच डबे उपसत बसल्या असत्या. चार वाजणार होते.

"सापडला," मी म्हटलं. वरचा, स्वच्छ डबा उचलला. खालचे दोन होते तसे परत सरकवले.

शेवटी राहिले पायाचे नऊ. मी म्हटलं, "काकू, हे राहू द्या. घाण आहेत."

काकूंनी पडद्याकडे बघितलं. जखम मोठी होती, कडा काळ्या, आत पिवळं. मी त्या शब्दाची वाट बघत होतो. आधीच मान खाली घालून ठेवली होती.

"कुणाचा पाय?"

"मायचा."

"मग घाण कशाला म्हणतोस?" त्यांनी कॅमेऱ्याचं भिंग किंचित फिरवलं. "रंग नीट यायला हवेत. डॉक्टरला दाखवायचे होते ना?"

"आता कुठला डॉक्टर, काकू."

"तरी."

त्या नऊ फोटोंना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. प्रत्येक दोनदा घेतला. 'शी' आलं नाही.

तीनच्या आधी एकेचाळीस फोटो एका कार्डावर घालून, कार्ड कागदात, कागद फिल्मच्या रिकाम्या डबीत घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, "आधी तो कचरा त्यांच्या तोंडावर टाकून ये."

ठाण्याच्या ऑफिसात टेबलावर फोनचा ढीग होता. एक मुलगा प्रत्येक फोन उघडून कामाचे फोटो वर गेलेत का बघायचा, मग साफ करायचा. माझा उघडला, सरकवत गेला आणि थांबला. "ईऽऽ! सर, हे बघा. उंदीर कुजलाय का?" निलेश सर समोशाची बशी घेऊन आले. अजून दोघं वाकले. फोन हातोहात फिरला. सर म्हणाले, "कुठली सोसायटी रे ही, गजा?"

"माझ्या मायचा पाय आहे, सर."

मग निलेश सरांनी तोंड वाकडं केलं. "शी यार. अजून जेवायचोय मी." फोन त्या मुलाकडे टाकला. "उडव लवकर."

एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली, एवढंच. खिशात माझी मूठ डबीभोवती होती. मला वाटलेलं मला राग येईल. राग नाही आला, मळमळलं. जन्मभर मोऱ्या साफ केल्या, इतकं कधी मळमळलं नव्हतं. नोकरी मी त्या दिवशी सोडली नाही. तेवढी माझी ऐपत नव्हती. आठ महिन्यांनी कळव्याच्या एका लहान कंपनीत लागलो. तिथे फोन आपला आपण आणायचा असतो.

मायचा पदराकडे हात गेलेला फोटो काकूंनी मोठा करून दिला. मी विचारलेलं, पदर नीट करता येईल का. "तिनं घेतला नाही, तर मी कोण घेणार?" तो आता गावी आधारच्या फोटोच्या जागी आहे. दादा म्हणतो, माय आत्ता बोलेल असं वाटतं. बोलायला तोंड उघडलेलंच आहे, थांब म्हणायला.

त्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी काकूंकडे जाऊन बसायचो. चहा मिळायचा, हात पुसल्यावर. आणि दर वेळी ते कपाट माझ्या पाठीशी असायचं. आज सांगू, म्हणून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. आधी फोटोंसाठी गप्प होतो. नंतर, आधी गप्प होतो म्हणून गप्प राहिलो. सांगितलं असतं तर 'कधी दिसलं' हा प्रश्न आलाच असता.

मग बिल्डिंग पाडायची ठरली. काकू टिटवाळ्याला भाचीकडे जायच्या झाल्या. सामान बांधायला मी गेलो. कपाट रिकामं करताना शेवटचे दोन डबे काकूंनीच उचलले, मी धावायच्या आत. झाकण उघडलं तशी झुरळं त्यांच्या मनगटावरून, पदरावरून पळाली. आत निगेटिव्ह होत्या. काहींच्या कडा कुरतडलेल्या, काहींवर चेहऱ्याच्या जागी नुसतं पारदर्शक भोक. काही एकीला एक चिकटून पापडासारख्या झालेल्या.

मी परत त्या शब्दाची वाट बघितली. परत आला नाही. काकूंनी एक निगेटिव्ह कडेला धरून उजेडात बघितली, आणि माझ्याकडे वळल्या.

"तुला त्या दिवशी दिसलं होतं. डबा आणायला गेलास तेव्हा."

"हो."

"किती फोटो राहिले होते तेव्हा?"

"एकोणीस."

त्यांनी मान हलवली. "मग ठीक. मीसुद्धा नसतं सांगितलं." निगेटिव्ह परत डब्यात ठेवली. "आणि दुसऱ्या दिवशी? त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

मी उभ्या उभ्या रडायला लागलो, तेव्हा त्यांनी खांद्यावरचं पिवळं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"हात पूस," एवढंच म्हणाल्या. 'मग बोल' म्हणाल्या नाहीत.

उरलेले पंधरा डबे मी एकेक करून झटकले, फवारा न मारता, झुरळ मारायच्या जेलचे ठिपके लावून. ते आता टिटवाळ्याला नीट आहेत. महिन्यातून एकदा जाऊन मी बघून येतो. काकू दार उघडतात, फडकं देतात, चहा देतात. त्या दोन डब्यांचा विषय काढत नाहीत. पण वही त्यांनी मला दिली आहे. मी मागितली, त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

त्या दोन डब्यांत कोण कोण होतं ते वहीत आहे. नाव, बाप किंवा नवरा, बिल्डिंग. निगेटिव्ह गेल्या, पण काकूंनी करून दिलेले फोटो डोंबिवलीच्या भिंतींवर आहेतच, आणि या धंद्यात घराघरात शिरायला मिळतं ते माझ्यासारख्यालाच. आता मी कुठे औषध मारायला गेलो की आधी भिंतीकडे बघतो. चंदनाचा हार, जुनी चौकट. घरच्यांना विचारून ती उतरवतो, मागे काकूंच्या स्टुडिओचा शिक्का असला तर वही काढून नाव लावून बघतो. जुळलं की परवानगी मागतो, हात पुसतो आणि जागच्या जागी फोटोचा फोटो काढतो. लोकांना वाटतं, पेस्ट कंट्रोलवाल्याला वेड लागलंय. आजवर तीन मिळाले.

काकूंना अजून सांगितलेलं नाही. या वेळी गप्प बसायचं कारण वेगळं आहे. कुंदाकाकू, तुमच्या दोन डब्यांतली माणसं मी घरोघरून गोळा करीन, एकही दात न बसवता, होती तशी. आणि ज्या दिवशी वहीतलं शेवटचं नाव लागेल, त्या दिवशी दोन नवे डबे घेऊन तुमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहीन.